फ्लॉरेन्सचा फिटर, गोव्यातलं काम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९९६ च्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. कंपनीचं कौतुक करायचं नाही आणि एआयवर बोलायचं नाही. दोन्ही अटी आनंदाने मान्य आहेत. मी आज एका चर्चविषयी बोलणार आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू. तुमच्यापैकी बहुतेक जण तिथे जाऊन आले आहेत. रांगेत उभं राहायचं, मान वर करून चांदीची पेटी बघायची, बाहेर येऊन लिंबू सोडा प्यायचा आणि पुढच्या ठिकाणासाठी गाडीत बसायचं, एवढी ओळख तर सगळ्यांचीच आहे.

दापोडीच्या शाळेत गोव्यातलं चर्च कशाला, असं कुणाला वाटेल. कारण सांगते. त्या चर्चमधलं जे सगळ्यात देखणं काम आहे, ते एका देशात तयार झालं आणि दुसऱ्या देशात बसवलं गेलं. बसवायला एक माणूस जहाजातून आला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर इरेक्शनला आलेला फिटर. अशा माणसाची गोष्ट आपल्या गावात फोड करून सांगावी लागत नाही. इथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, नदीपलीकडे खडकीचा दारूगोळा कारखाना, वरच्या अंगाला पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकण. आपल्या वर्गातल्या निम्म्या घरांतले वडील पहिल्या पाळीला डबा घेऊन निघायचे. माझे वडीलही फिटरच. तेव्हा ही गोष्ट आपल्या घरातलीच समजा.

आधी चर्चची ओळख करून घेऊ. बॉम जेझू म्हणजे बाळ येशू, शब्दशः ‘भला येशू’. जेझुइट पाद्र्यांनी १५९४ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि १६०५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. पैसा मोठ्या प्रमाणात आला तो कोचीनचा कप्तान जेरोनिमो माश्कारेन्यश याच्या मृत्युपत्रातून. आत गेलात की एका बाजूच्या भिंतीत त्याचं स्मारक आहे, दोन सिंहांनी तोललेलं. देणगीदाराची पाटी लावायची पद्धत तेव्हाही होती, हे संयोजकांनी लक्षात घ्यावं.

इमारत मुख्यतः जांभ्या दगडाची. जांभा म्हणजे कोकणातला आपला चिरा. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर ठेवला की कडक. पण जांभ्यात बारीक कोरीवकाम होत नाही, त्याचं अंगच सच्छिद्र. म्हणून दर्शनी भागातले खांब आणि नक्षीचे भाग काळ्या पाषाणाचे केले, आणि तो पाषाण आणला वसईकडून. म्हणजे गोव्याच्या या जगप्रसिद्ध चर्चच्या तोंडावर महाराष्ट्राचा काळा दगड आहे. पुढच्या वेळी गेलात तर दारासमोर उभं राहून आधी हेच बघा. लाल आणि काळा हे दोन दगड वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. सगळ्यात वर आय, एच, एस ही तीन अक्षरं कोरली आहेत. ती येशूच्या ग्रीक नावाची आद्याक्षरं आणि जेझुइट संघाची खूण.

आत समोर सोनेरी मुलामा दिलेली भव्य वेदी आहे. तिच्यात लहानसा बाळ येशू आणि त्याच्यामागे संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा मोठा पुतळा. पण गर्दी वळते ती वेदीच्या उजव्या हाताच्या दालनाकडे. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. गोव्यातले लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात.

झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांच्यान बेटावर वारले. त्यांचं शव आधी मलाक्काला आणि मग १५५४ मध्ये गोव्यात आलं. १६२२ मध्ये रोमने त्यांना संतपद दिलं आणि त्यानंतर दोनच वर्षांत शव बॉम जेझूमध्ये आणलं गेलं. १६३७ च्या सुमारास त्यासाठी चांदीची पेटी तयार झाली. पेटीचा आराखडा मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन पाद्र्याचा आणि हात गोव्याच्या सोनारांचे. पेटीच्या चारही बाजूंना चांदीचे छोटे छोटे चौकटबंद पत्रे आहेत आणि प्रत्येकावर संताच्या आयुष्यातला एकेक प्रसंग ठोकून उठवला आहे. मास्त्रिल्लींचं नाव पुस्तकांत सापडतं. ज्या सोनारांनी हातोडी चालवली त्यांची नावं दर्शनाच्या रांगेतल्या माणसाला कुठेच दिसत नाहीत.

आता गोष्ट इटलीत जाते. तोस्काना प्रांताचा ग्रँड ड्यूक होता तिसरा कोझिमो, मेदिची घराण्यातला. त्याची राजधानी फ्लॉरेन्स. गोव्याच्या जेझुइटांकडून त्याला एक भेट मिळाली. झेवियर यांच्या डोक्याखाली जी उशी होती, ती उशी. कोझिमो अत्यंत धार्मिक होता. या उशीच्या बदल्यात त्याने संताच्या पेटीसाठी संगमरवरी चबुतरा द्यायचं ठरवलं. काम दिलं दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याला. तयार व्हायला सुमारे दहा वर्षं लागली.

हा चबुतरा तीन टप्प्यांचा आहे. खाली रंगीत आणि पांढऱ्या दगडांचा पाया, कोपऱ्यांवर आणि कडांना देवदूत बालकं. मधल्या टप्प्यात चार बाजूंना चार कांस्यपट. एकावर झेवियर मोलुक्का बेटांवर प्रवचन देताहेत, एकावर बाप्तिस्मा देताहेत, एकावर मागे लागलेल्या बेटवासीयांपासून ते जीव वाचवताहेत आणि चौथ्यावर सांच्यानवर त्यांचा मृत्यू. या सगळ्याच्या वर गोव्याच्या सोनारांची पेटी.

इथे माझ्यातली इंजिनिअर जरा थांबते. पेटी १६३७ ची. चबुतरा त्यानंतर साठ वर्षांनी आलेला. म्हणजे फोज्जिनीला जी वस्तू पेलायची होती ती आधीच तयार होती, हजारो मैलांवर होती आणि भक्तांच्या रोजच्या वापरात होती. तो स्वतः गोव्याला कधीच आला नाही. दालन किती रुंद, छत किती उंच, फरशी सपाट आहे की नाही, हे सगळं दुसऱ्याच्या सांगण्यावरून धरून चालायचं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरी पाटी फार क्वचित मिळते. बहुतेक वेळा कुणीतरी वीस वर्षांपूर्वी केलेली, आजही चालू असलेली व्यवस्था असते आणि तिला धक्का न लावता खाली नवा पाया घालायचा असतो. ज्यांनी ज्यांनी चालू लाइन बंद न करता नवं मशीन बसवलं आहे, त्यांना यातली धाकधूक माहीत आहे.

रंगीत दगड इतके घट्ट जोडायची ही कला फ्लॉरेन्सला एकाएकी आली नाही. ती किती जुनी आहे हे मला तिथे गेल्यावर समजलं. काही वर्षांपूर्वी बोलोन्याजवळच्या एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने इटलीत होते. एका रविवारी आगगाडीने फ्लॉरेन्सला गेले आणि नदीपलीकडच्या टेकडीवर चढून गेले. पर्वतीच्या पायऱ्या आठवाव्यात अशा भरपूर पायऱ्या आहेत. वर सान मिनियातो नावाचं चर्च आहे. त्याचं बांधकाम १०१८ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे त्याच शतकात, १०६० च्या शिलालेखाचं अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

सान मिनियातोचं तोंड पांढऱ्या संगमरवराचं आणि गर्द हिरव्या दगडाचं. हा हिरवा दगड फ्लॉरेन्सजवळच्या प्रातोचा. चौकोन, कमानी, वर्तुळं, सगळं भूमितीच्या वहीत काढल्यासारखं. रंग लावलेला नाही, दगडच दोन रंगांचे कापून एकमेकांत बसवलेले. आत जमिनीवर १२०७ सालचा लेख आहे आणि दगडांच्या जोडकामात बारा राशींचं चक्र आहे. चर्चच्या फरशीवर मेष, वृषभ, मिथुन बघून मला गंमत वाटली. सिंह ओळखीचा निघाला, कर्क ओळखीचा निघाला. मी बराच वेळ त्या चक्राच्या कडेने फिरत प्रत्येक सांध्यात नख घालून बघत होते. आठशे वर्षांनी नख जात नव्हतं.

त्या चर्चच्या माथ्यावर तांब्याचा गरुड आहे आणि त्याच्या पंजात कापडाचा गठ्ठा आहे. देवळाच्या शिखरावर कापडाचा गठ्ठा कसा? तर तेराव्या शतकाच्या शेवटापासून या चर्चची देखभाल शहरातल्या कापड व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती, आणि ही त्या संघाची खूण. बांधणारे निघून गेले, व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी केली. म्हणून तो सांधा आज तसा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मला तिचं काम आहे.

हीच कला पुढे मेदिचींनी हाताशी धरली. १५८८ मध्ये त्यांनी कठीण दगडांच्या जोडकामाची दरबारी कार्यशाळा स्थापन केली. आपण ज्याला पच्चीकारी म्हणतो आणि ताजमहालावर बघतो, त्याच जातीचं हे काम. फोज्जिनी पुढे याच कार्यशाळांचा प्रमुख झाला. ती संस्था फ्लॉरेन्समध्ये आजही आहे. आता तिथे मुख्यतः जुन्या कलावस्तूंची दुरुस्ती आणि जतन होतं. नवं घडवण्यासाठी काढलेली कार्यशाळा शेवटी दुरुस्तीचं केंद्र झाली, हे मला फार आवडतं.

तर १६९७ मध्ये चबुतरा तयार होता. तो सुटा करून पेट्यांमध्ये भरला गेला. सोबत निघाला प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर. आपला फिटर तो हाच. फ्लॉरेन्सहून किनाऱ्यावर, तिथून लिस्बन, आणि लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागर. पोर्तुगीज जहाजं वसंतात लिस्बनहून निघायची आणि मोसमी वारे धरून पावसाळा सरता सरता गोव्याला लागायची. वारा चुकला तर वर्ष चुकलं. राम्पोनीने या प्रवासाची टिपणं लिहून ठेवली, म्हणून आज त्याचं नाव आपल्याला माहीत आहे. १६९८ मध्ये तो गोव्यात पोचला आणि त्याच वर्षी चबुतरा उभा राहिला.

जरा विचार करा. दगडाचा एखादा तुकडा वाटेत फुटला असता तर सुटा भाग मागवायची सोय नव्हती. पत्र जायला एक मोसम, उत्तर यायला दुसरा. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ यांच्या भरवशावर, परक्या हवेत, भाषा न कळणाऱ्या मदतनिसांबरोबर त्याने टनावारी वजनाचे दगड एकावर एक रचले असणार. वर पेटी ठेवायची होती आणि पेटीत साऱ्या शहराचा जीव अडकलेला. तिला ओरखडा आला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. आपल्या वर्गातले निदान सहासात जण आज मशीन बसवायला देशभर फिरतात. कुणी साणंदला, कुणी होसूरला. ड्रॉइंगमध्ये सगळं जुळतं आणि साइटवर फाउंडेशन चार मिलिमीटर खाली निघतं, ही कथा मी त्यांच्याकडूनच ऐकली आहे. तेव्हा डिझाइन करणारा जागेवर नसतो. जो जागेवर असतो त्यालाच निर्णय घ्यावा लागतो.

पर्यटकांच्या पुस्तिकेत कोझिमोचं नाव असतं, फोज्जिनीचं असतं. राम्पोनीचं बहुधा नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ते काम दोनदा झालं. एकदा फ्लॉरेन्समध्ये घडलं तेव्हा आणि दुसऱ्यांदा गोव्यात जुळलं तेव्हा. दुसरी वेळ झाली नसती तर पहिली खोक्यातच राहिली असती.

आता एक अवघड भाग. तो टाळून मला पुढे जायचं नाही. चहाच्या वेळी कुणीतरी विचारेलच, की ज्या राजवटीने देवळं पाडली तिच्या चर्चचं एवढं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या भागांतली देवळं पाडली गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं, ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडावं लागलं. खुद्द झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली होती. मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून लोकांनी नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूला नेली. आज आपण मंगेशी आणि कवळ्याला जातो ते त्यामुळे. हे सगळं खरं आहे आणि चबुतऱ्याच्या देखणेपणाने ते पुसलं जात नाही.

पण याच इतिहासात दुसरीही एक नोंद आहे. १५६७ मध्ये गोव्यात धर्मपरिषद भरली आणि तिने ख्रिस्ती लोकांना बजावलं, की चर्चच्या वस्तू, मूर्ती, चित्रं हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नका. बंदी कशावर घालतात? जे सर्रास चालू असतं त्यावर. म्हणजे क्रूस आणि समया घडवणाऱ्या हातांमध्ये आपलेही हात होते. आणि पुढे फोंड्यात नवी देवळं उभी राहिली तेव्हा त्यांच्यावर घुमट आले, अर्धगोल कमानींच्या खिडक्या आल्या, कठडे आले. मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या देवळाकडे नीट बघा. चर्चची बांधणी तिथे देवळाच्या कामाला लागलेली दिसेल. राजे आणि पाद्री एकमेकांच्या विरुद्ध हुकूम काढत होते आणि गवंडी, सुतार, सोनार जे चांगलं दिसेल ते शिकून घेत होते. मला त्या चर्चमध्ये उभं राहिल्यावर दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. एक आठवून दुसरी विसरायची गरज मला वाटत नाही. संताच्या शवाचं जाहीर दर्शन दर दहा वर्षांनी होतं. मागचं २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत होतं, आणि त्या रांगेत नमस्कार करणारे फक्त ख्रिस्तीच नसतात, हे जे गेले त्यांनी पाहिलं आहे.

शेवटचा मुद्दा भिंतीचा. बॉम जेझू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल चर्च येतं. आसपासची सगळी चर्चं पांढरी आणि हे एकच लालभडक. पण ते मुळात तसं नव्हतं. जुन्या छायाचित्रांत तेही गिलावा दिलेलं दिसतं. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवट असतानाच, बाल्ताझार कास्त्रो नावाच्या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली बाहेरचा चुन्याचा गिलावा उतरवला गेला. खालचा दगड दिसला म्हणजे इमारत जुनी आणि अस्सल वाटेल, अशी त्यामागची दृष्टी होती. इमारत जुनी वाटू लागली हे खरं. पण जांभा पाणी पितो. गोव्याचा पाऊस म्हणजे चार महिने सतत मारा. गिलाव्याने जे साडेतीनशे वर्षं अंगावर घेतलं, ते तेव्हापासून दगड स्वतः झेलतो आहे. दगडाची झीज होते आहे. १९८६ पासून ही वास्तू जागतिक वारशात आहे आणि गिलावा पुन्हा द्यावा की नको यावर आता जाणकारांत वाद आहे. लोकांना लाल रंगाची इतकी सवय झाली आहे, की पांढरं केलं तर तेच खोटं वाटेल.

एसटीच्या कार्यशाळेत ज्यांचे वडील होते त्यांना हे लगेच समजेल. लाल रंगाखाली प्रायमर असतो. तो कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो कुणी काढत नाही. पण तो नसेल तर दोन पावसाळ्यांत पत्रा खाल्ला जातो. आमच्याकडेही नवा मुलगा येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, या दोनशे ओळी कशालाच लागत नाहीत, काढून टाकू का?’ मी त्याला सांगते, त्या कुणी आणि कधी घातल्या ते आधी शोधून काढ, मग काढ. बहुतेक वेळा तो दोन दिवसांनी येऊन सांगतो की राहू द्या.

आता हे सगळं मी आज, इथेच का सांगते आहे? जेवणाआधीच्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या जुन्या हॉलच्या दुरुस्तीचा विषय आहे. आपल्या तुकड्यांनी मिळून निधी जमवला आहे. गटावर आलेल्या प्रस्तावात असं म्हटलं आहे, की भिंतींचा गिलावा उतरवून काळा दगड उघडा करायचा, त्यावर दिवे सोडायचे आणि प्रवेशद्वाराशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची. चित्र फार सुंदर आहे. फोटोही छान येतील. तरीही माझी तीन मागणी-वजा विनंत्या आहेत.

पहिली. गिलावा काढण्याआधी एखाद्या जतनतज्ज्ञ वास्तुविशारदाला बोलावून भिंत दाखवू या. आपला काळा दगड जांभ्यासारखा पाणी पीत नाही, हे मला माहीत आहे. दगडाला काही होणार नाही. पण दोन दगडांमधल्या दरजा चुन्याच्या आहेत, पोटात डबर भरलेलं आहे, आणि पश्चिमेची भिंत पावसाचा सगळा मारा घेते. गिलावा त्या दरजांसाठी आहे की नुसता शोभेसाठी, हे आधी कळू दे. आणि जिथे तो फुटला आहे तिथे सिमेंट फासू नये. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल आतच कोंडते.

दुसरी. सगळा निधी या दिवाळीपर्यंत संपवू नये. एक भाग बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा आणि त्याच्या व्याजातून दर वर्षी मे महिन्यात कौलं, पन्हळ आणि भिंती तपासून घ्याव्यात. फ्लॉरेन्सच्या कापड व्यापाऱ्यांनी चर्च बांधलं नव्हतं. त्यांनी ते सांभाळलं. माजी विद्यार्थी संघाने याहून मोठं काही करायची गरज नाही.

तिसरी. पाटी जरूर लावू. देणाऱ्यांची नावं असावीतच, त्यांनी घामाचे पैसे दिले आहेत. पण त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत, काम करणाऱ्या गवंड्याचं, सुताराचं, वायरिंग करणाऱ्याचं आणि पाटी कोरणाऱ्याचंही नाव घालू. त्यांना विचारून, बरोबर शुद्धलेखनात. शंभर वर्षांनी कुणी विचारलं की ही भिंत कुणी जुळवली, तर उत्तर भिंतीवरच मिळायला हवं. त्यासाठी कुणाची प्रवासाची टिपणं शोधत बसायला लागू नये.

आपल्यापैकी कुणी शिक्षक झालं, कुणी नर्स, कुणी चाकणला लाइनवर आहे, कुणी स्वतःचं वर्कशॉप टाकलं आहे, कुणी माझ्यासारखं संगणकासमोर बसतं. आपल्यातले बहुतेक जण दुसऱ्याने आखलेलं काम जागेवर जुळवणारे आहोत. त्यात कमीपणा काही नाही. गोव्याला गेलात की समाधीच्या दालनात एक मिनिट जास्त थांबा. पेटीकडे सगळेच बघतात. तुम्ही खालच्या दगडांचे सांधे बघा. सव्वातीनशे वर्षं झाली, अजून हललेले नाहीत.

माझी वीस मिनिटं संपली. हॉलच्या विषयावर मतदान होणार असेल तर माझं मत मी आत्ताच सांगून टाकलं आहे. बाकीच्यांनी जेवणाआधी विचार करावा, जेवणानंतर झोप येते.